बोलोन्याहून एका दिवसात: चीज, बाल्सामिक आणि लांब्रुस्कोच्या गावांची सहल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर इटलीतल्या एमिलिया भागात, बोलोन्या आणि मोदेनाच्या आसपासच्या गावांत, खाण्यापिण्यासाठी एक दिवस काढायचा असेल तर मराठी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची ही उत्तरं. शाकाहाराविषयीचे प्रश्न सगळ्यात जास्त येतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

गावाकडे जायला एकच दिवस आहे. टस्कनीत जावं की इकडे?

डोळ्यांचं सुख हवं असेल तर टस्कनी. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या क्यांती टेकड्या, सुरूची झाडं, दगडी वाडे, हे सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. एमिलियाचा बराचसा भाग सपाट आहे. मका, लसूणघास, गोठे, मधूनच एखादी फॅक्टरी. गाडीतून पाहिलं तर इथे थांबावंसं वाटणारही नाही.

पण पदार्थ कसा तयार होतो हे पाहायचं असेल तर माझा कौल निःसंशय एमिलियाला. पार्मिजानो रेज्जानो चीज, पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर आणि लांब्रुस्को वाईन या तिन्ही गोष्टी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात जिथे बनतात तिथेच पाहता येतात, आणि त्या बनवणारी माणसं तुमच्याशी बोलतात. शिवाय फ्लॉरेन्सहून बोलोन्या वेगवान गाडीने जेमतेम ४० मिनिटांवर आहे आणि मिलानहून तासाभरावर, त्यामुळे मुक्काम तिकडे असला तरी जमतं.

दिवस साधारण कसा जातो?

सकाळी साडेआठच्या सुमारास चीजच्या डेअरीत. तिथे दोन तास. मग बाल्सामिक मुरवणारं घर, ज्याला इथे अचेताइया म्हणतात. एक वाजता शेतावरच्या खानावळीत निवांत जेवण. चारच्या सुमारास कास्तेलवेत्रोच्या बाजूला एखादी वायनरी, आणि संध्याकाळी सातपर्यंत परत.

यात चौथं ठिकाण घुसवू नका. हॅम मुरवण्याची जागा, चॉकलेटचं दुकान, आणखी एक वायनरी असं सगळं एका दिवसात दाखवणाऱ्या सहली मिळतात, पण त्यात प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं मिळतात आणि जेवण घाईत उरकावं लागतं. बारा बारा वर्षं थांबून केलेली गोष्ट वीस मिनिटांत पाहून निघून जाणं मला पटत नाही.

डेअरीत इतक्या सकाळी जायलाच हवं का? दहा-अकराला चालणार नाही?

नाही चालणार. दिवसभरात एकच खेप होते, ती सकाळी. अकरा वाजता पोचलात तर धुतलेल्या फरश्या आणि रिकाम्या काहिली बघायला मिळतील.

आदल्या संध्याकाळी काढलेलं दूध रात्रभर उथळ टाक्यांत ठेवतात. वर आलेली साय सकाळी काढून घेतात आणि उरलेल्या दुधात सकाळचं ताजं, सायीसकट दूध मिसळतात. हे दूध तापवून निर्जंतुक केलेलं नसतं, कच्चंच असतं. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या खोल काहिलीत ते ओततात. एका काहिलीत हजार लिटरहून जास्त दूध मावतं आणि त्यातून चीजची दोनच चाकं निघतात. म्हणजे सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी ५५० लिटरच्या आसपास दूध लागतं.

दुधात आदल्या दिवशीची आंबलेली निवळी, म्हणजे चीज काढल्यावर उरलेलं पाणी, घालतात. आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो, अगदी तसंच. मग रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, घातलं की दहा-बारा मिनिटांत दूध घट्ट होतं. हा घट्ट झालेला थर ‘स्पिनो’ नावाच्या मोठ्या तारेच्या रवीने फोडत फोडत तांदळाच्या दाण्याएवढा बारीक करतात आणि ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. या वेळी डेअरीतला मुख्य कारागीर, काझारो, काहिलीत हात घालून दाणे मुठीत दाबून बघतो. थर्मामीटर भिंतीवर असतो, पण आच कधी बंद करायची हे तो हातानेच ठरवतो. हा क्षण चुकवू नका.

दाणे तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. साधारण पाऊण-एक तासाने लाकडी फळीने तो सोडवून दोघं जण कापडात धरून वर उचलतात. त्याचे दोन भाग करतात, आणि त्या दोघांना इथले लोक जुळे म्हणतात. पुढे साचा, मग सुमारे तीन आठवडे मिठाच्या पाण्यात, आणि मग मुरवण्याच्या कोठारात कमीत कमी १२ महिने. कोठारात जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्यांवर हजारो चाकं रचलेली असतात. दारातून आत शिरताना जो वास येतो, तो पुढे कित्येक दिवस आठवत राहतो.

वर्ष झालं की कन्सोर्शियमचा, म्हणजे उत्पादकांच्या संघाचा, तपासनीस छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून बघतो. आत भेग किंवा पोकळी असेल तर आवाज बदलतो. पास झालेल्या चाकावर तापलेल्या लोखंडाने शिक्का मारतात. किरकोळ दोष असलेल्या चाकाच्या सालीवर सगळीकडून समांतर रेघा ओढतात, म्हणजे ग्राहकाला लगेच कळतं. आणि जे नापास होतं त्याच्या सालीवर ठिपक्यांनी छापलेली नावाची अक्षरं खरवडून काढतात. त्या चाकाला पार्मिजानो हे नाव कायमचं गमवावं लागतं.

या चाकांना इथे इतकी पत आहे की एक स्थानिक बँक ती तारण ठेवून डेअऱ्यांना कर्ज देते. मे २०१२ च्या भूकंपात कोठारांतल्या मांडण्या कोसळून लाखांच्या घरात चाकं खाली आली, तेव्हा लोकांनी तुटलेलं चीज विकत घेऊन डेअऱ्यांना हात दिला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसांना कौतुकाची वाटते. या खोऱ्यातल्या अनेक गोठ्यांत आणि डेअऱ्यांत पंजाबहून आलेले शीख कामगार आहेत. गुरं सांभाळण्याचं काम आजही मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे चालतं, आणि रेज्जो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा गावात मोठा गुरुद्वारा आहे. गोठ्यावर कुणी हिंदीत बोललं तर चकित होऊ नका.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. हे चीज आम्हाला चालेल का?

याचं सरळ उत्तर द्यायला हवं, कारण बऱ्याच सहलींत ते टाळलं जातं. पार्मिजानो रेज्जानोमध्ये वापरलं जाणारं रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. नियमच तसा आहे, वनस्पतीज किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेट चालत नाही. त्यामुळे ‘शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो’ अशी गोष्टच नाही. ग्राना पादानोचंही तसंच, आणि त्यात अनेकदा अंड्यापासून काढलेलं लायसोझाइमही असतं.

ते खायचं की नाही हा तुमचा निर्णय. काही जण दुधाचा पदार्थ म्हणून खातात, काही जण कळल्यावर थांबतात. दोघांचाही मान राखला जायला हवा, आणि तो निर्णय ताटात वाढल्यानंतर नव्हे, आधीच घेता यायला हवा. डेअरी मात्र न खाताही पाहण्यासारखीच आहे. बुकिंग करतानाच कळवलंत तर चव घेण्याच्या वेळी ब्रेड, मध, फळं असं काही मांडून ठेवतात. डेअरीतली ताजी रिकोटा, म्हणजे पनीरसारखं मऊ चीज, त्याच निवळीपासून बनते, म्हणून काटेकोर पाळणाऱ्यांनी तीही सोडावी.

मग जेवणात काय घ्यायचं?

इथल्या स्वयंपाकात डुकराची चरबी, म्हणजे स्त्रुत्तो, जिथे अपेक्षा नसते तिथेही असते. न्योक्को फ्रित्तो ही फुगलेली तळलेली पोळी दिसायला निरागस, पण परंपरेने ती चरबीतच तळतात आणि पिठातही चरबी असू शकते. तिजेल्ले या छोट्या गोल भाकऱ्यांबरोबर ‘पेस्तो’ म्हणून जे पांढरं लावायला देतात ती तुळशीची हिरवी चटणी नव्हे; मोदेनाचा पेस्तो म्हणजे लसूण आणि रोझमेरी घालून वाटलेली चरबी. एर्बाद्झोने हा पालेभाजीचा कानवला, त्यातही बहुतेक वेळा चरबी असतेच. तोर्तेल्लिनीच्या सारणात डुकराचं मांस असतं आणि ती मांसाच्या रश्शात वाढतात. रागू सॉसमध्ये गाय आणि डुक्कर दोन्ही असू शकतात, त्यामुळे मांसाहारी पण बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. मान्झो म्हणजे बीफ, मायाले म्हणजे डुक्कर.

आता चांगली बातमी. रिकोटा आणि पालक भरलेली तोर्तेल्लोनी (रेनेट न चालणाऱ्यांनी सोडून), लोणी आणि सेजच्या पानांत परतलेली, ही इथली अस्सल डिश आहे आणि मांसाहारी लोकही ती आवडीने मागवतात. लाल भोपळ्याचं सारण असलेली तोर्तेल्ली हिवाळ्यात जरूर घ्या. ती किंचित गोडसर असते, घारग्यांची सवय असलेल्या जिभेला लगेच पटते. भाज्या भाजून, वर बाल्सामिकचे थेंब. व्हॅनिला आइस्क्रीमवर जुनं बाल्सामिक. आणि विन्योला गावचा बारोत्झी केक: चॉकलेट, कॉफी, बदाम, शेंगदाणे.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: एमिलियात ताज्या पास्त्याचं पीठ अंड्यातच मळतात. ‘पास्ता सेक्का सेन्झा उओवा’ म्हणजे अंड्याविना सुका पास्ता, टोमॅटो सॉसबरोबर मागा. तो प्रत्येक स्वयंपाकघरात असतो.

वेटरला दाखवायला हे वाक्य फोनवर लिहून ठेवा: ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा स्त्रुत्तो, सेन्झा ब्रोदो दि कार्ने.’ मांस नको, मासे नको, चरबी नको, मांसाचा रस्सा नको. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर चरबीचा विचार कुणाच्या मनात येईलच असं नाही. जैन मंडळींनी दोन-तीन दिवस आधी ईमेल करावा. गावातल्या खानावळी छोट्या असतात, आधी कळलं तर मनापासून करून देतात.

बाल्सामिक व्हिनेगर मुंबई-पुण्याच्या सुपरमार्केटमध्येही मिळतं. त्यासाठी मुद्दाम जायचं?

तुमच्या सुपरमार्केटमधलं आणि इथल्या माळ्यावरचं, नावं सारखी असली तरी वस्तू वेगळ्या आहेत. ‘आचेतो बाल्सामिको दि मोदेना’, ज्यावर आय.जी.पी. (संरक्षित भौगोलिक नावाची खूण) लिहिलेलं असतं, ते द्राक्षाचा रस आणि वाईन व्हिनेगर मिसळून करतात आणि ते ६० दिवसांतही विक्रीयोग्य होऊ शकतं. सॅलडसाठी उत्तम आहे, त्यात कमी लेखण्यासारखं काही नाही.

‘त्रादिझ्योनाले’ हा शब्द आणि डी.ओ.पी. ही अधिक कडक नियमांची खूण असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. त्यात एकच घटक: शिजवलेला द्राक्षरस. त्रेब्यानो, लांब्रुस्को अशा स्थानिक द्राक्षांचा रस उघड्या भांड्यात तासन्‌तास आटवतात. मग तो लाकडी पिंपांच्या एका रांगेत जातो. पिंपं मोठ्यापासून लहानापर्यंत उतरती, आणि लाकडं वेगवेगळी: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर. दर हिवाळ्यात सगळ्यात छोट्या पिंपातून थोडंसंच काढतात. जितकं काढलं आणि जितकं उडून गेलं तितकं त्याच्या शेजारच्या पिंपातून भरतात, त्यात पुढच्यातून, आणि शेवटच्या मोठ्या पिंपात नवा रस. त्यामुळे कोणत्याही थेंबाचं नेमकं वय सांगता येत नाही. नियमानुसार किमान १२ वर्षं, आणि ‘एक्स्त्रावेक्यो’ म्हणवून घ्यायला किमान २५.

हे सगळं घराच्या माळ्यावर चालतं, तळघरात नाही. उन्हाळ्यात तिथे काहिली होते आणि हिवाळ्यात गारठा, आणि रसाला दोन्ही हवं असतं. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची नवी रांग सुरू करायची आणि लग्नात ती तिला द्यायची, अशी इथल्या घरांची जुनी रीत. बऱ्याच अचेताइयांत पिंपांवर मुलींची नावं आजही दिसतात.

तयार माल परीक्षकांच्या चाचणीत उतरला तरच बाटलीत जातो, आणि मोदेनात ती बाटली सगळ्या उत्पादकांसाठी एकच आहे: गाड्यांचे प्रसिद्ध डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी आखलेली १०० मिलिलिटरची. १२ वर्षांची साधारण ५० युरोंच्या आसपास, २५ वर्षांची त्याच्या जवळपास दुप्पट. महाग आहेच. पण चमच्यावर दोन थेंब घेऊन बघा, आधी गोड, मग आंबट, मग लाकडाचा वास, आणि चव जिभेवर किती वेळ रेंगाळते ते पाहा. विकत नाही घेतलंत तरी कुणी वाईट मानत नाही. वेळ कमी असेल तर स्पिलांबेर्तो गावात पारंपरिक बाल्सामिकचं छोटं पण उत्तम संग्रहालय आहे.

लांब्रुस्को ही गोड, स्वस्त वाईन ना?

ती प्रतिमा १९७० च्या दशकात अमेरिकेला गेलेल्या गोड लांब्रुस्कोमुळे तयार झाली आणि अजून पुसली गेलेली नाही. इथे जेवणाबरोबर पितात ती कोरडी, हलकी फेसाळ लाल वाईन, ११ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, थंड करून. चरबीयुक्त जेवणानंतर तोंड स्वच्छ करण्याचं काम ती जितकं नेमकं करते तितकं कुठलीही भारदस्त वाईन करत नाही.

एकच द्राक्ष नाही, ते एक कुटुंब आहे. सोर्बाराची लांब्रुस्को फिकट गुलाबी, आंबटसर, फुलांच्या वासाची. कास्तेलवेत्रोची ग्रास्पारोस्सा गडद जांभळी आणि तुरट. दोन्ही शेजारी ठेवून चाखा. बाटलीवर ‘सेक्को’ म्हणजे कोरडी, ‘आमाबिले’ म्हणजे गोडसर, ‘दोल्चे’ म्हणजे गोड. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली गढूळ लांब्रुस्को मिळाली तर सोडू नका; जुन्या पद्धतीची ती हीच.

आमच्यापैकी काही जण दारू पीत नाहीत. त्यांचा दिवस वाया जाईल का?

मुळीच नाही. सकाळचे दोन्ही थांबे वाईनशी संबंधित नाहीत, आणि दिवसाचा गाभा तेच आहेत. वायनरीत द्राक्षमळा बघता येतो. आटवलेल्या द्राक्षरसाचा पाक, साबा, मागून बघा. तो गोड असतो आणि त्यात दारू नसते.

नाशिकच्या वायनरी पाहिल्यात. इथे वेगळं काय दिसेल?

नाशिकला द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्च, इथे सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. नाशिकच्या उष्ण हवेत वेल झोपत नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटणी करून एक पीक घेतात; इथे हिवाळ्यात वेल पूर्ण निष्पर्ण होतो. द्राक्षबागायतदार घरातले कुणी बरोबर असतील तर मळ्यात जास्त वेळ मागून घ्या. छाटणी आणि मांडवावरून सुरू झालेलं बोलणं दुभाष्या असतानाही तासभर रंगतं.

स्वतः गाडी चालवावी का?

वाईन चाखणार असाल तर नको. इटलीत मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. न पिणारा चालक असेल तर भारतीय परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. शहरांच्या मध्यभागी झेड.टी.एल. हे प्रवेशबंदी क्षेत्र असतं. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.

बोलोन्या ते मोदेना रेल्वेने अर्धा तास. तिथून चालकासह गाडी दिवसभरासाठी ठरवणं चौघा-पाचांना परवडतं. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायला विसरू नका.

कोणता महिना चांगला?

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. तोडणी चालू असते, आणि नशीब असेल तर रस आटवण्याचा वास गावभर पसरलेला असतो. एप्रिलमध्ये विन्योलाच्या चेरीच्या बागा फुलतात, जूनमध्ये फळ येतं. ऑगस्ट टाळा: उकाडा असह्य, आणि १५ तारखेच्या आसपास अर्धा देश सुट्टीवर. नोव्हेंबरपासून धुकं दाटतं, पण जेवण त्याच दिवसांत सगळ्यात चांगलं. डेअऱ्या वर्षाचे ३६५ दिवस चालतात, गाय सुट्टी घेत नाही. रविवारी पाहुण्यांना घेतात का ते मात्र विचारून घ्या.

लहान मुलं आणि आजी-आजोबा?

मुलांना डेअरी फार आवडते. आजी-आजोबांसाठी एकच अडचण, अचेताइयाच्या माळ्याचा जिना अरुंद आणि उभा असतो. तळमजल्यावर चव घेण्याची सोय असते. डेअरीतली फरशी ओली असते, सगळ्यांनी बंद बूट घालावेत. टोपी, अंगरखा आणि बुटांवरची आवरणं तिथेच देतात.

त्याच दिवशी मारानेल्लोचं फेरारी संग्रहालय जमेल?

अंतराने जमेल. पण जेवणाचा बळी जाईल. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.

सोबत काय आणता येईल?

बाल्सामिकची १०० मिलिलिटरची बाटली पारदर्शक पिशवीत हातातल्या सामानातही चालते. वाईन चेक-इन सामानात. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. चीज ‘सोत्तोवुओतो’, म्हणजे हवाबंद, करून घ्या. भारतात उतरताना कस्टम्सच्या जाहीरनाम्यात दुग्धजन्य पदार्थांचा रकाना आहे, तिथे ते नमूद करा. मांसाचे पदार्थ आणू नका.

घरी आणल्यावर चीज कसं ठेवायचं?

पाकीट उघडल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून, मग डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. नुसत्या प्लास्टिकमध्ये ठेवलं तर घाम सुटून बुरशी येते. आत दिसणारे पांढरे कण बुरशीचे नसतात, ते मुरताना तयार झालेले टायरोसिनचे स्फटिक. ते दाताखाली कुरकुरले की चीज नीट मुरलंय असं समजा. सुरीने पातळ काप करण्यापेक्षा टोचून खडे पाडा, आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. सालीवर मेण नसतं, ती चीजच असते. खरवडून, धुऊन भाज्यांच्या सूपमध्ये उकळत ठेवा.